हाड जुळलं तरी पाऊल दुखतंय: दुखणं ओळखून उपाय कसा निवडायचा

परांचीवरून पडून टाचेचा चुरा झाला, ट्रॅक्टरचं चाक चवड्यावरून गेलं, नाहीतर मोटारसायकल आडवी होऊन पाऊल तिच्याखाली पिळवटलं. ऑपरेशन होतं, प्लास्टर निघतं, एक्स-रे बघून डॉक्टर सांगतात, "हाड जुळलंय, आता चाला." चालायला जावं तर कळ मस्तकात जाते. घरचे म्हणतात भीती बसलीय, मेडिकलवाला गोळी देतो, आणि बघता बघता वर्ष निघून जातं.

एक्स-रेत हाड दिसतं. सांध्यावरची कूर्चा, स्नायूंचे दोर, नसा (स्पर्श-वेदना नेणाऱ्या, रक्ताच्या नव्हेत), टाचेखालची चरबीची गादी ह्यांतलं काही त्यात दिसत नाही, आणि रेंगाळलेलं दुखणं बऱ्याचदा ह्यांतल्याच कशाचं तरी असतं. प्रत्येकाचा इलाज निराळा. नसेच्या आगीवर सूज उतरवायची गोळी कितीही खाल्ली तरी भागत नाही. झिजलेल्या सांध्यावर नसेची गोळी घेतली तर नुसती झोप येते. म्हणून आधी दुखणं कुठलं ते ठरवायचं, औषध नंतर.

मुदतीचाही अंदाज हवा. टाचेचं हाड मोडल्यावर पाऊल दीड-दोन वर्षं सुधारत राहतं. सहाव्या महिन्यात दुखतंय म्हणून ऑपरेशन फसलं असं होत नाही. गेल्या महिन्यापेक्षा आता जास्त चालवतं का, हे बघा. दोन-तीन महिने गाडी एकाच जागी अडली असेल, किंवा उलट मागं येत असेल, तर कारण शोधायला लागायचं.

आधी ही लक्षणं नाहीत ना, ते बघा

व्रणातून पाणी किंवा पू येतोय, व्रण लाल आणि गरम आहे, अंगात कसर आहे, पाऊल टेकवलं नाही तरी रात्रभर ठणकतंय: हे हाडातलं किंवा प्लेटभोवतीचं इन्फेक्शन असू शकतं. ऑपरेशनला वर्ष होऊन गेल्यावरही ते डोकं वर काढतं. सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी ह्या रक्ततपासण्या लगेच करून घ्या, आणि दाखवायच्या आधी मनानं अँटिबायोटिक सुरू करू नका. नंतर जंतू सापडत नाहीत.

पोटरी एकाएकी सुजून घट्ट झाली किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी, त्याच तासाला तातडीच्या विभागात जायचं. पाऊल गार आणि फिकट किंवा निळसर पडलं तरी तसंच.

मधुमेह असेल तर उलटी गोष्ट लक्षात ठेवा. पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे पण फारसं दुखत नाही, म्हणून लोक चालत राहतात आणि आतली हाडं ढासळत जातात. अशा पावलावर डॉक्टरांना दाखवेपर्यंत अजिबात वजन टाकायचं नाही.

आठवडाभर दुखण्याचा हिशेब ठेवा

वही घ्या. रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहा: कुठं दुखलं, काय करताना दुखलं, कसं दुखलं (ठणका, चमक, आग, मुंग्या की जडपणा), आणि ० ते १० मध्ये किती. जागा दाखवताना तळहात फिरवू नका, एका बोटानं दाखवा आणि स्केचपेननं तिथं टिंब काढा. "सगळंच दुखतं" म्हटलं की डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ह्या नोंदींतून साधारण असं निघतं:

- डांबरी रस्त्यावर बरं, पण नांगरटीच्या रानात ढेकळांवरून किंवा उतारावर आडवं चालताना घोट्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला कळ येते: घोट्याखालचा सबटेलर सांधा. टाचेच्या फ्रॅक्चरनंतर हे फार दिसतं.
- उकिडवं बसताना आणि जिना उतरताना घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडकतं: घोट्याचा मुख्य सांधा, तिथं हाडाचा काठ वाढलेला असतो.
- पावलाच्या मधोमध, वरच्या अंगाला, चवड्यावर जोर देताना दुखतं: मधले सांधे. लिसफ्रँक म्हणतात ती इजा हीच, आणि ती सुरुवातीला पुष्कळदा नजरेतून सुटते.
- बाहेरच्या घोट्याच्या मागं-खाली दुखतं, हात लावला की सूज लागते: टाच फुटून रुंद झाली की तिथून जाणारे स्नायूंचे दोर घोटा आणि टाचेमध्ये चिमटतात.
- टाचेच्या बरोबर खाली, शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहिलं की वाढतं: टाचेची गादी चेचली गेली आहे. ती शिवता येत नाही, तिला फक्त आधार देता येतो.
- ठरावीक टिंबावर बूट घासला की दुखतं: स्क्रू किंवा प्लेट.
- आग, झिणझिण्या, विजेसारखी सणक, पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो: नस. व्रणावर बोटानं टिचकी मारल्यावर सणक पुढं धावली, तर नस तिथंच व्रणात गुंतली असण्याची शक्यता जास्त.

एकाच पावलात ह्यांतली दोन-तीन दुखणी एकदम असू शकतात. मोठ्या इजेत तसंच असतं.

कुठल्या तपासण्या मागायच्या

एक्स-रे उभं राहून, पावलावर वजन टाकून काढलेला हवा, आणि दोन्ही पावलांचा. झोपून काढलेल्या फोटोत मधले सांधे जागेवर दिसतात. वजन पडलं की फट उघडते. सांध्याचा पृष्ठभाग बघायला साधा सीटी स्कॅन पुरतो. घोट्यातलं टेलस हाड मोडलं असेल तर त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं, तिथं एमआरआयचा उपयोग होतो. त्याआधी आतली प्लेट टायटॅनियमची की स्टीलची ते ऑपरेशनच्या कागदावरून काढून ठेवा, स्टीलमुळं चित्र फार बिघडतं.

सगळ्यांत उपयोगी तपासणी मात्र सुईची आहे. ज्या सांध्यावर संशय आहे त्यात, सोनोग्राफी किंवा सी-आर्मखाली (एक्स-रेचं चालू चित्र दाखवणारं यंत्र) बघून, भुलीचं थोडं औषध सोडतात. त्यानंतर घरी जाऊन पडायचं नाही. औषधाचा असर काही तासच असतो. तेवढ्यात जिना चढा, उताराला जा, खडीवरून चाला, जे केल्यावर दुखतं तेच करा. दुखणं निम्म्याहून जास्त कमी झालं तर गुन्हेगार सापडला. सुई अंदाजानं मारली तर औषध शेजारच्या सांध्यात पाझरतं आणि निकाल खोटा येतो, म्हणून बघूनच मारायला सांगा.

सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जाणार असाल तर सकाळी लवकर केसपेपर काढा आणि डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, ऑपरेशनच्या आधीचा सीटी आणि नंतरचे सगळे एक्स-रे बरोबर न्या. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो पुरत नाही.

सूज आणि जडपणा

पहिल्या वर्षातल्या दुखण्यात जडपणाचा वाटा मोठा असतो, आणि तो घरीच कमी करता येतो. सर्जननी पूर्ण वजन टाकायची परवानगी दिल्यावर दिवसातून दोनदा हे करा:

१. बादलीत कोमट पाणी, १० मिनिटं पाऊल बुडवून. पाण्याचा अंदाज कोपरानं घ्या. बधिर पावलाला चटका कळत नाही. तापवलेल्या विटेचा शेक घेऊन फोड आलेले पाय ह्याच चुकीनं येतात.

२. सतरंजीवर पाय पसरून बसा. टॉवेल चवड्याखालून घालून दोन्ही टोकं हातात धरा आणि चवडा स्वतःकडे ओढा. गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, तीनदा. मग गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवून पुन्हा तीनदा. पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळे ताणावे लागतात, म्हणून दोन्ही प्रकार.

३. एका हातानं नडगी घट्ट धरा, दुसऱ्या हातात टाच. टाच आत-बाहेर हलवा, २० वेळा. सबटेलर सांधा चवडा फिरवून मोकळा होत नाही, टाच धरावी लागते. बहुतेकांचा हा व्यायाम इथंच चुकतो.

४. फरशीवर टॉवेल पसरून बोटांनी तो चुरगाळत ओढा, दोन-तीन वेळा.

५. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला, १० च्या तीन फेऱ्या. जमलं की दुखऱ्या एका पायावर ३० सेकंद उभं राहा, हात ओट्याजवळच ठेवा.

व्यायाम करताना दुखणं १० पैकी ३-४ पर्यंत गेलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर मात्रा निम्मी करा, बंद करू नका. खरं नुकसान करतो तो चांगला दिवस: आज बरं वाटतंय म्हणून मंगळवार बाजार पुरा पालथा घालायचा आणि पुढचे तीन दिवस खाटेवर. सहज जमतं त्यापेक्षा थोडं कमी, पण रोज चाला. १५ मिनिटं जमत असतील तर १२ पासून सुरू करून आठवड्याला मिनिट-दीड मिनिट वाढवा.

सुजेसाठी पाऊल छातीपेक्षा उंच, २० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. खुर्चीसमोर स्टुलावर ठेवणं म्हणजे उंच ठेवणं नव्हे. दाबाचे मोजे घ्यायचे तर २०–३० एमएमएचजीचे, आणि माप सकाळी उठल्याबरोबर, सूज चढायच्या आत. पायाची नाडी नीट लागत नसेल तर ते घालायचे नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दिवसभर मोजे सहन होणार नाहीत हे उघड आहे. निदान यंत्रमागावरची पाळी किंवा उभं राहायचं काम असेल तेवढा वेळ तरी घाला.

नसेचं दुखणं

इथं औषधाइतकीच पावलाला स्पर्शाची सवय लावणं महत्त्वाचं, आणि कापडाच्या गावात त्याचं सामान घरातच असतं. जखम पूर्ण भरलेली हवी. मऊपासून खरखरीत असा क्रम लावा: कापूस, मलमलीचा तुकडा, जुनं सुती लुगडं, टर्किश टॉवेल, सोलापुरी चादर, शेवटी घोंगडी. दुखऱ्या भागाच्या कडेपासून सुरुवात करून आत सरकत, एक कापड ५ मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. पावलाकडे बघत करा. एक कापड दोन-तीन दिवस शांतपणे सहन झालं की पुढचं. घाईनं थेट घोंगडीवर गेलात तर नस आणखी भडकते. नंतर घमेल्यात ज्वारी घेऊन तिच्यात पाऊल हलवत बसता येतं. आधी तांदूळ, मग ज्वारी, मग हरभरा.

गोळ्यांत डॉक्टर सहसा अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून, किंवा गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन, ड्युलॉक्सेटिन ह्यांपैकी एक लहान डोसनं सुरू करतात. पहिल्या दिवशी फरक पडत नाही. योग्य डोसवर दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. तोंडाला कोरड आणि गुंगी येते. अमिट्रिप्टिलिन झोपायच्या एक-दोन तास आधी घेतली तर सकाळचं जडपण कमी राहतं. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल तर गॅबापेंटिन-प्रीगॅबलिनचा डोस घटवावा लागतो. गुंगी उतरेपर्यंत माग चालवू नका, गाडीही नाही, आणि गोळी एकदम बंद करू नका.

आता एक वेगळी अवस्था, सीआरपीएस. इजेच्या मानानं दुखणं कितीतरी जास्त, पावलाचा रंग बदलतो, कधी गरम कधी गार, एकाच पायाला घाम, कातडी चकाकते, नखं-केस वेगळे वाढतात. ह्यात पाऊल जपून, गुंडाळून ठेवणं हा सगळ्यांत वाईट उपाय. बर्फ नको, पुन्हा प्लास्टर नको. लवकर ओळखलं तर थोड्या दिवसांचे स्टेरॉइड, हाडांसाठीची बिस्फॉस्फोनेट औषधं, कमरेतून सिंपथेटिक नसांचा ब्लॉक (सुईनं त्या नसा बधिर करणं) असे पर्याय डॉक्टरांकडे असतात, पण कणा फिजिओथेरपीचाच. व्हिटॅमिन सी सगळे सांगतात. तपासलं गेलं ते मुख्यतः मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर प्रतिबंध म्हणून, रोज ५०० मिलिग्रॅम ५० दिवस, आणि निकाल संमिश्र आहेत. वर्षभर जुन्या दुखण्यावर त्याची आशा धरू नका.

पाऊल हलवणंच असह्य असेल तर आरशाचा व्यायाम आहे. पहिले दोन आठवडे मोबाईलमध्ये घरच्यांच्या पावलांचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून डावं की उजवं हे झटकन ओळखायचं. पुढचे दोन आठवडे डोळे मिटून दुखरं पाऊल हलतंय अशी नुसती कल्पना. मग दोन पायांच्या मध्ये उभा आरसा, दुखरा पाय आरशामागं. चांगलं पाऊल सावकाश हलवत आरशात बघायचं, ५ ते १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दुखणं वाढलं तर आधीच्या पायरीवर परत या.

चप्पल-बूट

ह्यावर लोक सगळ्यांत कमी पैसे घालतात आणि फायदा सगळ्यांत लवकर इथंच दिसतो. सांध्याच्या दुखण्यात तत्त्व साधं आहे: जो सांधा हलल्यावर दुखतो तो हलू द्यायचा नाही, त्याचं काम बुटानं करायचं. दुकानात बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. मधून दुमडला तर तो मधल्या सांध्यांच्या दुखण्याला नको. कडक तळाचा, पुढं रुंद, लेस किंवा वेल्क्रोचा बूट घ्या. त्याच्या तळाला चपला-बूट शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून रॉकर लावून घ्या, म्हणजे तळ पुढच्या बाजूला झोपाळ्याच्या पट्टीसारखा वर वळलेला. मधे १० ते १२ मिलिमीटर जाडीचा रबर, आणि वळण चवड्याच्या गाठींच्या जरा मागं सुरू व्हायला हवं. ते बोटांपाशी सुरू केलं तर पाऊल दुमडतंच आणि पैसे वाया जातात. दुसऱ्या बुटालाही तेवढीच जाडी द्या, नाहीतर महिन्याभरात कंबर धरते.

घोट्याच्या पुढं अडकत असेल तर टाचेखाली ५ ते १० मिलिमीटरचा उंचवटा, दोन्ही बुटांत. टाचेच्या गादीसाठी खोलगट सिलिकॉन कप, कडा असलेला. सपाट तुकडा घेतला तर चरबी बाजूला पसरते. घरात एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल, मागं पट्टा असलेली. कोल्हापुरी दिसायला छान, पण कडक सपाट तळ आणि मागं पकड नाही. पाऊल बरं होईपर्यंत ती खुंटीलाच बरी.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. निम्मे लोक उलट धरतात आणि वर कुबड काढून चालतात. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेघेपाशी यावी.

दुखण्याच्या गोळ्या

सांध्याच्या दुखण्यावर आधी डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं जेल वापरून बघा: एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चारदा. वाटाण्याएवढं चोळून काही होत नाही. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या, दोन वेळांत किमान सहा तास. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि दारूची सवय किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा डॉक्टरांना विचारून निम्म्यावर. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ह्यांच्या गोळ्या थोडे दिवस ठीक. महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर, रक्तदाब आणि मूत्रपिंड असा तिहेरी फटका बसतो. पारा ४२ च्या पुढं असताना घामानं अंग सुकलेलं, पाणी कमी, वरून ही गोळी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या: मूत्रपिंड ह्याच मेळात बसतं. उन्हाळ्यात रानात किंवा शेडमध्ये काम करणाऱ्यांनी ह्या गोळ्या रोजच्या करू नयेत.

इंजेक्शन आणि दुसरं ऑपरेशन

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे ते काही महिने आराम देतं. तो काळ व्यायामासाठी वापरला तर त्याचा अर्थ आहे. मधुमेहींची साखर काही दिवस चढते, आधीच सांगून ठेवा. टाचेच्या मागच्या जाड दोरात हे इंजेक्शन घेऊ नका, तो तुटू शकतो.

ऑपरेशन त्या दुखण्याचं करायचं असतं, एक्स-रेचं नाही. स्क्रू काढायचा तर दुखण्याचं टिंब त्या स्क्रूवरच हवं आणि हाड पक्कं जुळलेलं हवं. टाच रुंद होऊन दोर चिमटत असतील तर बाहेरचा वाढलेला हाडाचा भाग तासतात. झिजलेल्या सांध्यासाठी फ्यूजन, म्हणजे दोन हाडं कायमची एक करणं. सबटेलर सांधा असा बंद केला तर पाऊल वर-खाली होतं, आत-बाहेर होत नाही. सपाट रस्त्यावर चाल चांगली सुधारते, ढेकळांतली अडचण थोडी उरते. ज्या सांध्यात भुलीच्या सुईनं आराम पडला नव्हता, त्याचं फ्यूजन करायला घाई करू नका. आणि सीआरपीएस भडकलेलं असताना कुठलंही टाळता येण्यासारखं ऑपरेशन नको.

फ्यूजननंतर साधारण सहा ते आठ आठवडे पाऊल टेकवता येत नाही आणि हाड जुळायला तीन महिने धरायचे. हाड न जुळण्याचं टाळता येण्यासारखं मोठं कारण तंबाखू. बिडी-सिगारेट सगळे विचारतात. मशेरी, गुटखा आणि तोंडातली चिमूट कुणी विचारत नाही, पण निकोटिन तेच. किमान चार ते सहा आठवडे आधी आणि हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद. घरी वॉकर, कमोडची खुर्ची आणि तळमजल्यावर झोपायची सोय तारीख ठरायच्या आधीच करा.

इजा कामावर झाली असेल तर ईएसआय (कामगार विमा) कार्ड आहे का बघा. नसेल तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खाली (नोव्हेंबर २०२५ पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ होता) अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, आणि त्याला पहिल्या दिवसाचा केसपेपर लागतो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणीला जावं लागतं. तिथं सांध्याची उरलेली हालचाल मोजतात, म्हणून तो उपचार संपत आल्यावर काढा.